राख सगळ्यांवर सारखीच पडते?

"निसर्गाला जात नसते," रात्रपाळीला चहा पिता पिता आमचा जॉबर म्हणाला. पुरात वाडा बुडतो नि झोपडीही बुडते, हा त्याचा दाखला. मी गप्प बसलो. वस्तीत पाणी शिरलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ज्या शाळेत आम्हाला ठेवलं तिथं पाण्याची पिंपं दोन होती. आपलं कुठलं, हे आयनं न विचारताच ओळखलं.

तेव्हापासनं हा प्रश्न डोक्यात आहे. त्याच्या मागं लागून वाचत वाचत मी फिलिपाईन्समधल्या पिनाटुबो डोंगरापाशी पोचलो.

लुझोन बेटावरचा हा ज्वालामुखी सुमारे ५०० वर्षं निजलेला. त्याच्या उतारावर आएटा आदिवासी राहायचे, सुमारे २०,०००. सपाटीवरल्यांनी रेटत रेटत त्यांना डोंगरात घातलेलं. रंग काळा, केस कुरळे, म्हणून खालचे हिणवायचे. पायथ्याशी अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ, तोही त्यांच्याच बापजाद्यांच्या जमिनीवर. तळावरच्या कचऱ्यातलं भंगार वेचून काहींची चूल पेटायची.

एप्रिल १९९१ मध्ये डोंगरातून वाफ उसळली. शास्त्रज्ञांकडं ही खबर आएटांनीच नेली, एका मिशनरी सिस्टरबरोबर. हे ध्यानात ठेवा. मग यंत्रं लागली, अंदाज बांधले गेले, गावं हलवली. १० जूनला क्लार्कमधले सुमारे १४,५०० जण एका दिवसात गाड्यांत बसून निघून गेले. १५ जूनला डोंगर फुटला, नि नेमकं त्याच दिवशी वादळ आलं. पावसानं भिजलेली राख जड झाली, छपरं कोसळली, खाली माणसं मेली. तरी हजारो जीव वाचले. नवसानं नाही, विज्ञानानं वाचले.

गोष्ट इथं संपती तर जॉबर खरा ठरला असता.

पण डोंगर उतरलेल्या आएटा कुटुंबाचं काय? शेत राखेखाली, शिकारीचं रान गेलं. छावणीत दाटी, उकाडा, घाण. मग गोवर, हगवण, न्यूमोनिया. छावण्यांत शेकड्यांनी माणसं मेली. त्यात बहुतेक आएटा, नि त्यातही लहान पोरं जास्त. गोवराची लस होती. बऱ्याच आएटांनी ती टाळली, डॉक्टरलाही टाळलं.

आता सांगा, दोष कुणाचा?

मी एक आई डोळ्यांपुढं आणतो. मांडीवर तापलेलं पोर. सुई घेऊन येणारा माणूस त्याच लोकांतला, ज्यांनी तिला कधी बाजारात धड उभं राहू दिलं नाही. ती पोर छातीशी धरते नि मागं सरकते.

लस बरोबर होती. आई चुकली. हे मी लपवणार नाही. अडाणीपणाला संस्कृती म्हणून ओवाळायचा धंदा दुसऱ्यांनी करावा, आपल्याला तो परवडायचा नाही. पण चूक तिची म्हणून गुन्हाही तिचा, हे मी मानत नाही. पिढ्यान् पिढ्या ज्याला हाडहूड केलं, त्यानं एका सकाळी आपलं पोर तुमच्या हाती द्यावं, हे कुठल्या तोंडानं मागता? विश्वास काय रेशन आहे, संकटाच्या दिवशी रांग लावून वाटायला?

राख सगळ्यांवर सारखीच पडली. राखेनंतरचं मरण मात्र सारखं वाटलं गेलं नाही. ती वाटणी निसर्गाची नव्हे, माणसांची. नि माणसांनी केलेली वाटणी माणसांना मोडता येते.

मित्रांनो, आपल्या सह्याद्रीचा लाव्हा थिजून सुमारे ६.५ कोटी वर्षं झाली. माझ्या आज्जीनं जन्मभर तोच काळा दगड फोडून खडी केली. इथं डोंगर फुटायचा नाही. पण दरड आहे, पूर आहे, नि छावणीही आहे. म्हणून भाषणं पुढं ठेवा. पाणी चढायच्या आधी वस्तीत जा. कुठलं पोर टोचायचं राहिलं ते बघा. आयाबायांनी हाक मारावी इतकं ओळखीचं व्हा. नि छावणी उघडेल त्या दिवशी पहिल्यांदा पिंपं मोजा.

जॉबरला मी पिंपांची गोष्ट अजून सांगितलेली नाही. आजच्या पाळीला सांगणार आहे.