'चुका झाल्या' म्हणणारे ज्ञानी असतात का?



आजचा श्लोक गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला, सत्ताविसावा. थोडक्यात अर्थ असा: सगळी कर्मं प्रकृतीच्या गुणांकडून होत असतात, पण अहंकाराने भुललेला माणूस 'करणारा मीच' असं धरून बसतो.

आता एक खट्याळ शंका. मग आपले पुढारी फार मोठे ज्ञानी म्हणायचे का? कारण काही बिघडलं की त्यांच्या वाक्यातला 'मी' लगेच गायब होतो. 'त्रुटी राहिल्या.' 'दिरंगाई झाली.' 'अनुचित प्रकार घडला.' कोणी केलं? कोणीच नाही, आपोआप झालं!

आपल्या भाषेत ही सोय जन्मापासून आहे. 'मी कप फोडला' आणि 'कप फुटला' यातला फरक तीन वर्षांच्या पोरालाही कळतो.

ही सोय फक्त मराठीत नाही. अमेरिकेच्या सरकारने इराणला गुपचूप शस्त्रं विकली आणि त्यातला पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवला गेला, हे १९८६ साली उघड झालं. २७ जानेवारी १९८७ च्या भाषणात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी इराणबाबत घेतलेल्या जोखमीची जबाबदारी स्वीकारली, पण चुकांबद्दल एवढंच म्हणाले की गंभीर चुका झाल्या. कोणाकडून, ते वाक्यात नव्हतं. पुढे ४ मार्चला, चौकशी अहवाल आल्यावर, त्यांनी स्वतःच्या आणि आपल्या प्रशासनाच्या कृतींची पूर्ण जबाबदारी घेतली. माणूस तोच, प्रकरण तेच. मधल्या पाच आठवड्यांत वाक्याला कर्ता मिळाला.

आता दुसरं टोक बघा. नोव्हेंबर १९५६ मध्ये तमिळनाडूतल्या अरियलूरजवळ रेल्वे अपघात झाला, शंभराहून जास्त माणसं गेली. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री काही ती गाडी चालवत नव्हते. तरी नैतिक जबाबदारी माझी म्हणून त्यांनी राजीनामा दिला. 'अपघात झाला' हे व्याकरणाने अगदी बरोबर वाक्य होतं. त्यांना ते पुरलं नाही.

मग गीतेच्या हिशोबाने शास्त्रीजी अहंकारी ठरतात का? मला तसं वाटत नाही. ज्या अर्जुनाला हा श्लोक सांगितला, त्याला भगवंतांनी 'तू कर्ता नाहीस, आता घरी जा' असं म्हटलेलं नाही. तीनच श्लोक पुढे ते म्हणतात, सगळी कर्मं मला अर्पण कर आणि युद्ध कर. म्हणजे सोडायचा आहे तो कर्तेपणाचा तोरा. जबाबदारी तशीच खांद्यावर राहते.

म्हणून एखाद्या नेत्याच्या एका वाक्यावरून त्याला तोलू नये. त्याची दोन वाक्यं शेजारी ठेवावीत: उद्घाटनाच्या दिवशीचं आणि चौकशीच्या दिवशीचं. 'पूल मी बांधला' आणि 'पूल कोसळला' ही जोडी दिसली, की समजावं हा निष्काम कर्मयोग नाही.

आपल्या आयटीतही सर्व्हर डाऊन झाला की पोस्टमॉर्टेममध्ये मुद्दाम कोणाचं नाव घेत नाहीत. ते चांगलंच आहे. त्यामुळे ज्युनियर मुलगा न घाबरता खरं काय झालं ते सांगतो. पण तिथेच मॅनेजर स्वतःचं नाव गाळतो, तेव्हा वाक्य तेच राहूनही अर्थ उलटा होतो. कर्ता गाळला हे ठीक, पण गाळून वाचवलं कोणाला? दुबळ्याला की स्वतःला?

आजचा अभ्यास छोटासा आहे. दिवसभर आपलीच वाक्यं ऐका. यश सांगताना 'मी' किती वेळा येतो आणि गडबड सांगताना किती वेळा, ते मोजा. जमलं तर उद्या एकदाच अदलाबदल करून बघा: कौतुक झालं तर 'सगळ्यांमुळे झालं' आणि बिघडलं तर 'माझ्याकडून राहिलं'.

पुढाऱ्यांना तपासायची हीच फूटपट्टी आहे. आधी ती स्वतःला लावून बघू.

राम कृष्ण हरी!