कडू घोट आणि सीताफळाचा गर

दसरा होऊन गेला आहे असं धरा. बालाघाटाच्या डोंगरात, बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या अंगाला, सीताफळं पाडाला आली आहेत आणि रस्त्याकडेला बायका पाट्या मांडून बसल्या आहेत. त्यातलं एक फळ हातात घ्या. त्याच्या डोळ्यांकडे नीट बघा. दोन डोळ्यांमधली भेग रुंदावून पांढुरकी-पिवळसर झाली असेल आणि फळ अंगठ्याखाली जरासं नमत असेल, तर ते आज खायचं. नुसतेच डोळे उघडले असतील आणि अंग टणक असेल, तर एक-दोन दिवस घरात ठेवा.

आता कॉफी करा. बीडकडे रोजचा मान चहाचा, त्यामुळे घरात जी पूड असेल ती चालेल. फक्त आजच्यापुरती साखर आणि दूध बाजूला राहू द्या. कप पुढ्यात ठेवा, वाफ ओसरू द्या. फार गरम असताना जिभेला चटक्याशिवाय काही कळत नाही.

पहिला घोट नुसताच घ्या आणि लगेच गिळू नका. कडूपणा कुठे जाणवतो? जिभेच्या मागच्या बाजूला, की कडेला थोडं आंबटही लागतं? आता दुसरा घोट नाक चिमटीत धरून घ्या. उरतं ते कडू आणि आंबट, बाकी सगळं गेलं. नाक सोडा. भाजलेल्या दाण्यांचा, जरा धुरकट असा वास घशाच्या मागून वर येईल. आपण ज्याला कॉफीची चव म्हणतो ती बरीचशी या वाटेनं येते. म्हणून कॉफीच्या सोबतीला काय घ्यायचं, हे ठरवताना जिभेइतकंच नाकाचंही ऐकायला हवं.

सीताफळ उघडा. एक पाकळी तोंडात घ्या, बी न चावता गर सुटू द्या. आधी रवाळपणा, मग गोडी, मग तो फुलासारखा मंद वास. बी बाहेर काढा आणि थांबा. गोडी पुरती विरायच्या आत कॉफीचा घोट घ्या. क्षणभर कॉफी जास्तच कडक लागेल, कारण जीभ गोडाला सरावलेली आहे. तिथे घाबरून साखरेकडे हात नेऊ नका. तो कडकपणा ओसरला की भाजका वास आणि फळाचा वास एकमेकांशेजारी उभे राहतात, एकही दुसऱ्याला झाकत नाही. मला सोबत हवी असते ती अशी. कॉफीचा कडूपणा लपवायला काहीही गोड पुरतं. तो कडूपणा ओळखू येईल इतकी जागा ठेवणारं गोड मात्र निवडावं लागतं.

हा गर गरम कॉफीत कधीही कालवू नका. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो. बासुंदीतही तो दूध गार झाल्यावरच घालतात, ते याचसाठी. कालवायचाच असेल तर गार दुधाच्या कॉफीत कालवा. पण खरं सुख पाकळी वेगळी आणि घोट वेगळा यात आहे.

आता फळ बाजूला ठेवा. ज्वारीच्या कडक भाकरीचा तुकडा घ्या, वर चार भाजलेले शेंगदाणे. चावा, घोट घ्या, पुन्हा चावा. इथे विरोध नाही, सख्खं नातं आहे. तव्यावर भाकरीला पडलेले तांबूस डाग, खमंग झालेला दाणा आणि भट्टीत काळपटलेलं कॉफीचं बी, या तिन्हींत उष्णतेनं एकाच जातीची क्रिया घडलेली असते. लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं तिचं वर्णन १९१२ मध्ये केलं. लसणाची चटणी मात्र आज नको, तिच्यापुढे कॉफी मुकी होते.

मग गुळाचा लहानसा खडा. तो जिभेवर ठेवा आणि त्याच्यावरून कोरी कॉफी हळूहळू जाऊ द्या. साखर नुसती गोड. गुळात थोडा खारटपणा असतो, थोडा करपट वास असतो, म्हणून तो कॉफीपाशी परका वाटत नाही. खडा विरघळेपर्यंत वेळ आहे. याच दिवसांत बीड जिल्ह्यातली लाखो माणसं मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ या हिशेबानं, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. डोंगरातलं सीताफळ उतरत असतं आणि गावातली घरं कुलूपबंद होत असतात. जिभेवरची गोडी अशाच हातांनी तोडलेल्या उसातून आलेली आहे. खडा संपेपर्यंत एवढंच मनात राहू द्या, दुसरं काही नको.

शेवटी आपली घरातली कॉफी करा, दुधाची, जायफळाची. जायफळ सहाणेवर दुधाच्या थेंबात उगाळा. दोन-तीन वेढे पुरेत. जास्त झालं तर चव औषधी होते आणि फार जास्त जायफळ अपायकारकही असतं. गुळाची करणार असाल, तर पातेलं खाली उतरवून जरा निवल्यावर गूळ घाला, नाहीतर दूध फाटायची भीती. आता वास घ्या. दुधानं कडूपणाची धार बोथट केली आहे आणि जायफळानं तिथे ऊब आणली आहे. कॉफीनं झोप उडते आणि जायफळानं येते असं आपल्याकडे मानतात, तरी रात्रीच्या जेवणानंतर दोन्ही एकाच कपात घालून पाहुण्यांपुढे ठेवतात. मला ही जोडी सगळ्यांत शहाणी वाटते, कारण इथे कुणीच कुणावर मात करत नाही.

बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण फळ काही त्यामुळे जास्त दिवस टिकत नाही. पिकल्यावर दोन-तीन दिवसांत ते हातचं जातं आणि नोव्हेंबर सरता सरता हंगामही आटोपतो. त्या आत एकदा, डोंगराच्या वाटेवर बसलेल्या बाईकडून फळ घ्या आणि बिनसाखरेच्या कॉफीबरोबर खाऊन बघा.