नेम चुकतो तेव्हां दोष कोणाचा ?

'नाचतां येईना, अंगण वांकडें' ही म्हण आमच्या भाषेंत इतकी रुळली आहे कीं, ती उच्चारली म्हणजे खटल्याचा निकाल लागला असें आपण समजतों. अंगणाची मोजणी कोणी करीत नाहीं, आणि नाचणारास तर तोंड उघडण्याची सोयच उरत नाहीं. तो जें बोलेल तें म्हणीचा पुरावाच ठरणार. म्हणी लोकांच्या अनुभवांतून निघतात हें खरें. परंतु एकदां निघाल्या म्हणजे पुढच्यांचे अनुभव घेण्याचे श्रम त्या वांचवितात, हेंहि तितकेंच खरें. कर्त्याचा दोष कोठें संपतो आणि साधनाचा कोठें सुरू होतो, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत वारंवार येतो, पण तेथें तो फार उंचावरून चालतो. त्याला जमिनीवर आणण्यासाठीं आम्ही एक अगदीं लहान, हातांत मावणारी वस्तु घेतों : नेमावर गोळी न टाकणारें एक छोटें पिस्तूल.

जर्मनींतील वाल्थर कारखान्याचें १९३१ च्या सुमारास निघालेलें 'पीपीके' हें या जातीचा नमुना म्हणून चालेल. नळी ८३ मिलिमीटर, वजन ५९० ग्रॅमच्या आसपास; कोटाच्या आंतल्या खिशांत सहज दडावें हाच त्याच्या घडणीमागील मुख्य हेतु. पण लहानपणाची किंमत द्यावी लागतेच. नेम धरणें म्हणजे मागील खांच, पुढील माशी आणि निशाण हीं तिन्ही एका रेषेंत आणणें. खांच आणि माशी यांमधील अंतर १२५ मिलिमीटर धरलें, तर माशी एका मिलिमीटरानें बाजूस राहतांच १५ मीटरांवरील निशाणावर गोळी १२ सेंटिमीटर सरकते. हेंच अंतर लांब बंदुकीप्रमाणें ६० सेंटिमीटर असतें, तर तीच चूक अडीच सेंटिमीटरांवर निभावली असती. लहान शस्त्र चुका निर्माण करीत नाहीं. तें त्या वाढवून दाखवितें.

आतां एक उजव्या हाताचा मनुष्य अशा पिस्तुलानें पांच गोळ्या झाडतो आणि पांचहि गोळ्या निशाणाच्या डावीकडे, थोड्या खालीं, तळहाताएवढ्या जागेंत जाऊन बसतात, अशी कल्पना करावी. पिस्तूल कशासाठीं बाळगतात हें ध्यानांत घेतलें म्हणजे एवढ्याशा अंतराचें महत्त्व निराळें सांगावयास नको. निशाणाच्या शेजारीं दरवेळीं कोरा कागदच असतो असें नाहीं.

या मनुष्याच्या तोंडून पहिला उद्गार कोणता निघेल, यावरून त्याचा स्वभाव ओळखतां येईल. एक म्हणेल, 'पिस्तूलच खोटें.' दुसरा म्हणेल, 'माझाच हात वाईट.' पहिल्यास आमची म्हण हंसते. दुसऱ्याची जगानें पूर्वींपासून स्तुति केली आहे. कन्फ्यूशिअसच्या परंपरेंतील एका प्राचीन ग्रंथांत धनुर्धराचा दृष्टांतच आहे कीं, नेम चुकला असतां त्यानें कारण स्वतःच्या ठिकाणीं शोधावें. शिष्टाचार म्हणून हें उत्तम आहे. परंतु सत्यशोधन म्हणून पाहिलें, तर दोघांचीहि घाई सारखीच आहे. एकानें चौकशीपूर्वीं दुसऱ्यास शिक्षा दिली, दुसऱ्यानें चौकशीपूर्वीं स्वतःस. विनयानें दिलेला चुकीचा निकाल हा चुकीचाच निकाल होय, आणि त्यामुळें वांकडी खांच सरळ होत नाहीं.

गीतेच्या अठराव्या अध्यायांत प्रत्येक कर्माचीं पांच कारणें सांगितलीं आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. आणि त्यांतून केवळ स्वतःसच कर्ता मानणाऱ्याची दृष्टि तेथें अपुरी ठरविली आहे. अध्यात्मांत याचा अर्थ कोणी कसाहि लावो. चांदमारीच्या मैदानावर हा विचार इतका कामीं येईल असें फार थोड्या टीकाकारांच्या मनांत आलें असेल. हात वाळूच्या पिशवीवर टेकवून गोळ्या झाडल्या कीं अधिष्ठान बदललें. तेंच पिस्तूल दुसऱ्या अनुभवी मनुष्याच्या हातीं दिलें कीं कर्ता बदलला. काडतुसें बदललीं कीं करणाचा एक भाग बदलला. आणि हा भाग क्षुल्लक नाहीं, कारण एकाच पिस्तुलांतून जड व मंद गोळी बहुधा हलक्या व वेगवान गोळीपेक्षां वर लागते. मंद गोळी नळींत अधिक वेळ राहते, आणि तेवढ्या वेळांत धक्क्यानें नळीचें तोंड अधिक उचललें जातें. दैवाचा वांटा ओळखण्यास एका गोळीवर विसंबून भागत नाहीं. चार-पांच गोळ्यांचा घोळका पाहावा लागतो. मात्र एका वेळीं एकच कारण बदलावें. सर्व कांहीं एकदम बदलून सुधारणा झाली, तर ती कशानें झाली हें कधींच कळत नाहीं. आमच्याकडील पुष्कळशा घरगुती वैद्यकाचा इतिहास हाच आहे.

राहिली चेष्टा, म्हणजे अर्थात् थट्टा नव्हे, हालचाल. खरी गुंतागुंत येथेंच आहे. पीपीकेमध्यें घोडा उतरलेला असतां पहिल्या गोळीच्या वेळीं चाप ओढूनच घोडाहि उचलावा लागतो; त्यास पिस्तुलाच्या स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट जोर लागतो. पुढच्या गोळ्यांच्या वेळीं यंत्रानेंच घोडा चढविलेला असतो, म्हणून चाप हलका येतो. ज्यानें हा भेद ध्यानांत घेतला नाहीं, त्यास पहिली गोळी एकीकडे आणि बाकीच्या दुसरीकडे गेलेल्या पाहून पिस्तूल लहरी वाटूं लागतें. त्या जड चापाशीं झगडतांना एकटें बोट हलत नाहीं. सबंध मूठ आवळली जाते, आणि उजव्या हातांतील नळीचें तोंड डावीकडे व खालीं वळतें.

याहून सूक्ष्म दोष भीतीचा आहे. गोळी नळींतून बाहेर पडण्यास काडतूस पेटल्यापासून एका सेकंदाचा हजारावा भागहि पुष्कळ होतो, आणि मनुष्याच्या हातास कशाचीहि जाणीव होऊन हलावयास त्याच्या शंभरपट तरी वेळ लागतो. तेव्हां धक्क्यामुळें हात खालीं गेला असें जें आपणांस वाटतें तें शक्यच नाहीं. हात आधींच गेलेला असतो. न आलेल्या धक्क्याला त्यानें आगाऊच उत्तर दिलेलें असतें. त्याच क्षणीं डोळा मिटतो, आणि लगेच उडालेल्या आवाजांत व हिसक्यांत पूर्वीची हालचाल झांकून जाते. ज्याच्या हातून चूक झाली, तोच तिचा सर्वांत वाईट साक्षीदार ! त्यानें कितीहि प्रामाणिकपणें अंतर्मुख व्हावें, त्यास तेथें कांहींहि आढळणार नाहीं. आत्मपरीक्षणाच्या उपदेशकांनीं या एका गोष्टीचा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

यावर शिक्षकांनीं काढलेला उपाय मोठा सुंदर आहे. पिस्तूल दुसऱ्यानें भरावयाचें, आणि खऱ्या काडतुसांमध्यें एखादें दारू नसलेलें पोकळ काडतूस कोठें तरी घालून ठेवावयाचें. झाडणारास तें माहीत नसतें. तो नेम धरतो, चाप ओढतो. नुसताच 'टक्' असा आवाज होतो आणि नळीचें तोंड त्याच्या डोळ्यांदेखत खालीं गचकतें. आवाज नाहीं, धक्का नाहीं, दोष देण्यास दुसरें कोणी उरलेलेंच नाहीं. नळी मात्र जागची हलली नाहीं, तर त्याच्या हाताविरुद्ध कोणीं बोलूं नये.

ही हालचाल इच्छेनें केलेली नसते. मग तिच्याबद्दल मनुष्यास जबाबदार धरावें कीं नाहीं? आम्हांस वाटतें, पोकळ काडतूस हीच येथें सीमारेषा आहे. त्यापूर्वींची ती चूक. परीक्षा पाहिल्यानंतर तोच हात तसाच ठेवून जो पिस्तूल खिशांत घालून रस्त्यावर हिंडतो, त्याची गोष्ट निराळी. आणि परीक्षाच नको म्हणणाराची त्याहून निराळी. मनुष्य आपल्या हाताचा पूर्ण धनी नसेल, पण परीक्षेस उभें राहावें कीं न राहावें याचा धनी तो आहे.

आतां म्हणीच्या दुसऱ्या बाजूकडे वळूं; कारण ती बहुधा वरच्यांनीं खालच्यांस ऐकविलेली असते. १९४१ च्या डिसेंबरांत अमेरिका महायुद्धांत उतरली, तेव्हां तिच्या पाणबुड्यांजवळ 'मार्क १४' नांवाचे टॉर्पेडो होते. कप्तान परत येऊन सांगत कीं नेम ठीक होता, तरी जहाज बुडालें नाहीं. आणि शस्त्रें पुरविणारें खातें दोष त्यांच्याच पदरीं घाली. अखेर १९४२ च्या जूनमध्यें ॲडमिरल लॉकवुड यांनीं पश्चिम ऑस्ट्रेलियांतील ऑल्बनीजवळ मासे धरण्याचें एक जाळें पाण्यांत उभें करून त्यांतून टॉर्पेडो सोडविले. जाळ्याच्या भोकांवरून तो ठरविलेल्या खोलीपेक्षां सुमारें दहा-अकरा फूट खालून जातो असें दिसलें. तो दोष गेला तेव्हां चुंबकीय स्फोटकाचा दोष उघडा पडला. तेंहि बंद केलें तेव्हां तिसरा. १९४३ च्या जुलैमध्यें 'टिनोसा' पाणबुडीनें एका थांबलेल्या जहाजावर एकामागून एक टॉर्पेडो मारले. ते लागत, पण फुटत नसत. कप्तानानें शेवटचा टॉर्पेडो न झाडतां पुराव्यादाखल परत आणला. तपासाअंतीं कळलें कीं, जहाजावर सरळ काटकोनांत आदळलें असतां आंतील खिळाच वांकत असे. तिरका आघात झाला तर मात्र स्फोट होई. म्हणजे ज्याचा नेम उत्कृष्ट, त्याचेंच अपयश अधिक ! मासे धरण्याच्या जाळ्यानें जें काम केलें, तें करण्यास इतकी मोठी संस्था इतके महिने कां थांबली, याचें उत्तर यंत्रशास्त्रांत नाहीं.

दोषाची जागा ठरविल्यावांचून केलेली दुरुस्ती ही मात्र या सर्वांहून वाईट. आमच्या कित्येक घरांत भिंतीवरील घड्याळ दहा मिनिटें पुढें ठेवण्याची चाल आहे. कारण काय, तर मंडळींना उशीर होतो. महिन्याभरांत सर्वजण मनांतल्या मनांत दहा मिनिटें वजा करूं लागतात, उशीर होता तसाच होतो, आणि नवा पाहुणा तेवढा गाडीच्या वेळेआधीं स्टेशनावर जाऊन बसतो. पिस्तुलाचें असेंच होतें. हाताच्या गचक्यामुळें गोळी खालीं जात असतां कोणी कानस घेऊन माशी घांसतो. माशी आंखूड झाली म्हणजे गोळी वर जाते, हा हिशेब बरोबर आहे; पण घांसलेलें पोलाद परत येत नाहीं. पुढें सरावानें त्याचा हात स्थिर झाला, तर तेंच पिस्तूल निशाणाच्या वर मारूं लागेल; आणि दुसऱ्या कोणाच्या हातीं गेलें, तर पहिल्याची भीति त्या लोखंडांत राहून या निरपराध्याचा नेम चुकवील. आपल्या उणिवेच्या बेतानें नियम, वजनें आणि मापें कापून घेणारे लोक केवळ चांदमारीच्या मैदानावरच भेटतात असें नाहीं.

वाळूच्या पिशवीवर हात टेकून, दुसऱ्याच्या हातीं देऊन, काडतुसें बदलून आणि पोकळ काडतुसाची परीक्षा देऊनहि गोळ्या डावीकडेच जात असतील, तर मग पिस्तुलास हात लावावा. मागील खांच ज्या बाजूस सरकवावी, त्या बाजूस गोळी सरकते. माशीचें याच्या उलट. वर घेतलेल्या अंतरांनीं हिशेब केला, तर पाव मिलिमीटर सरकविल्यानें १५ मीटरांवर तीन सेंटिमीटर फरक पडतो. म्हणून खांचेवर हलकी टिचकी मारावी, घाव घालूं नये, आणि प्रत्येक टिचकीनंतर पुन्हां पांच गोळ्या झाडून पाहाव्या.