अनिश्चितता, साक्षी आणि शिक्षक

पदार्थविज्ञानातील एखादा सिद्धान्त समजून घेण्याचे श्रम न करता त्याचे नुसते नाव पुढे करून आपल्या मताला प्रतिष्ठा मिळवून देण्याची प्रवृत्ती शिक्षणचिंतनात इतकी बोकाळली आहे, की अमीरपेठ-दिलसुखनगरसारख्या शिकवणीवर्गांनी गजबजलेल्या वस्त्या ज्या हैदराबादेत आहेत, तेथील पालकाने तरी तिची एकदा रुजुवात करून घ्यावी. युक्तिवाद साधारणतः असा असतो : निरीक्षकाच्या पाहण्याने कण बदलतो, म्हणून शिक्षकाच्या दृष्टीने मूल घडते, कणाच्या ठायी सर्व शक्यता एकाच वेळी नांदतात, म्हणून मुलाने दृढ संकल्प केला की हवी ती शक्यता प्रत्यक्षात उतरते. बॉबी डीपोर्टर यांच्या 1992 सालच्या ‘क्वांटम लर्निंग’ या पुस्तकात तर आइन्स्टाइनच्या वस्तुमान-ऊर्जेच्या समीकरणाचा हवाला दिलेला आहे. ते समीकरण 1905 सालचे आणि सापेक्षतावादातले, ‘क्वांटम’ म्हणजे पुंजभौतिकीतले नव्हे, ही गोष्ट नावाच्या झगमगाटात झाकून गेली. पुस्तकाची पाने भराभर फडफडवली की काही मिनिटांत लाख शब्द वाचून होतात, असे सांगणाऱ्या ‘क्वांटम वाचना’च्या वर्गांवरून 2019 साली चीनमध्ये गदारोळ उठला, तोही याच मनोवृत्तीचा परिपाक.

वस्तुतः हायझेनबर्ग यांचा 1927 सालचा अनिश्चिततेचा सिद्धान्त स्वतः मुळीच अनिश्चित नाही. स्थान आणि संवेग यांतील अनिश्चिततांचा गुणाकार एका ठरावीक राशीच्या खाली जाऊ शकत नाही, एवढेच तो सांगतो, आणि ती राशी केवढी, हेही सांगतो. फळ्यापाशी ठेवलेला दहा ग्रॅमचा खडू घ्या आणि त्याचे स्थान मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत आपल्याला ठाऊक आहे असे माना. या नियमाप्रमाणे त्याच्या वेगात जी किमान अनिश्चितता उरते, तिच्यामुळे विश्वाच्या आजवरच्या सुमारे 1380 कोटी वर्षांच्या आयुष्यातही त्याच्या स्थानाविषयीच्या अज्ञानात केसाच्या जाडीच्या दहा-हजाराव्या हिश्श्याइतकीसुद्धा भर पडणार नाही. ज्या नियमाला खडू हलवता येत नाही, तो मुलाचे प्राक्तन हलवील ही आशा व्यर्थ होय. राहिली निरीक्षणाची गोष्ट. कुलूपबंद, निर्मनुष्य खोलीतील छायाचित्रणाची काचही कणाची नोंद घेते, आणि तेवढ्याने मापन पुरे होते. शाळा तपासायला आलेले दिपोटीसाहेब वर्गात शिरताच मुलांची बसण्याची आणि मास्तरांची शिकवण्याची तऱ्हा बदलते, हे खरे; परंतु ते समजण्यासाठी भीती आणि आदर या मनुष्यस्वभावातील दोन गोष्टी ठाऊक असल्या म्हणजे पुरे, इलेक्ट्रॉनला साक्षीस बोलावण्याचे प्रयोजन नाही.

याच हैदराबाद शहराने परक्या ज्ञानाचे स्वागत एके काळी किती कसोशीने केले, ते आठवण्याजोगे आहे. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण उर्दूतून द्यायचे ठरवले, तेव्हा त्यासाठी उभारलेल्या दारुत्तर्जुमा या भाषांतरखात्याने शास्त्रीय ग्रंथ उर्दूत आणताना परिभाषेसाठी विद्वानांची समिती बसवली. संज्ञा पारखून घेण्याचे काम तिच्याकडे होते. लायप्झिगला हायझेनबर्ग यांच्याकडे शिकलेले रझिउद्दीन सिद्दीकी हैदराबादला परतले आणि उस्मानियात गणित शिकवू लागले. पुंजभौतिकी या नगरीत आली ती अशी, समीकरणांच्या राजमार्गाने.

आक्षेप असा येईल, की पाश्चात्त्य विज्ञानच आता आपल्या वेदान्ताच्या दाराशी आले असताना दोहोंचा मेळ घालण्यात वावगे काय? परंतु या मेळात दोन्ही पक्षांची हानी होते. भौतिकीतील मापन ही एक क्रिया आहे. उपकरण आणि कण यांची तेथे गाठ पडते आणि कणाची अवस्था बदलते. वेदान्तातील साक्षी मात्र अकर्ता आहे. तो दृश्याला प्रकाशित करतो, त्यात ढवळाढवळ करीत नाही, आणि बृहदारण्यक उपनिषदातील याज्ञवल्क्यांच्या मते द्रष्टा कधीच दृश्य होत नाही. म्हणजे उपकरणाला साक्षी म्हणणे हा भौतिकीचा विपर्यास, आणि साक्षीला उपकरण म्हणणे हा वेदान्ताचा अधिक्षेप. श्रोडिंगर यांना उपनिषदांची ओढ होती आणि तरंगयामिकीचे समीकरण त्यांचेच. तरी आपली विश्वदृष्टी मांडणाऱ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी बजावून ठेवले, की या नव्या भौतिकीचा तत्त्वज्ञानाशी समजला जातो तेवढा संबंध आहे असे आपल्याला वाटत नाही.

शिक्षक हा मापनाचे उपकरण नव्हे आणि उदासीन साक्षीही नव्हे. तो कर्ता आहे, आणि कर्त्याला फळाचा जाब द्यावा लागतो. पुंजभौतिकीचे भाकीत चुकले तर दोष सिद्धान्ताच्या माथी येतो. उलट संकल्पाच्या या शिक्षणशास्त्रात मूल नापास झाले तर त्याची श्रद्धाच उणी पडली, असा निवाडा होतो आणि शिकवणारा बिनदिक्कत सुटतो. विज्ञानाचे नाव लावून वर्गात काय शिरावे, हा वाद न्यायालयातही गेलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2001 साली ‘ज्योतिर्विज्ञान’ या नावाने फलज्योतिषाचे अभ्यासक्रम मंजूर केले, तेव्हा हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्रीय संशोधनसंस्थेचे संस्थापक पुष्पमित्र भार्गव यांनी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 2004 साली सर्वोच्च न्यायालयातही अर्ज फेटाळला गेला, कारण अभ्यासक्रमाचा निर्णय हा तज्ज्ञांच्या अखत्यारीतला, न्यायासनाचा नव्हे, अशी न्यायालयाची भूमिका होती. ती रास्त मानली तर विज्ञानाच्या नावावर वर्गात काय शिरते याची जबाबदारी शिकवणाऱ्यांवरच येते, आणि ती पार पाडायची तर प्रत्येक नव्या मताला त्यांनी आधी एवढेच विचारावे : तुझे म्हणणे खोटे ठरले, हे आम्ही कशावरून ओळखावे? ज्या मताजवळ याचे उत्तर नाही, त्याला मुलांवर प्रयोग करण्याची सनद कोणी देऊ नये.