विवाहाचे वचन एकीचे की उभयतांचे?

लग्न कोणाच्या साक्षीने लागावे, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत वारंवार निघतो. परंतु वधूवरांनी एकमेकांस वचन काय द्यावे, याचा विचार क्वचितच होतो. देवाचे नाव न घेता लागलेले लग्न म्हणजे नुसता करार, असे पुष्कळांस वाटते. या मताची आज आम्ही थोडी छाननी करू इच्छितो.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यात उपासना नाही, पाळकही नाही. विवाह अधिकारी व तीन साक्षीदार यांच्यासमक्ष वर वधूला पत्नी म्हणून स्वीकारतो आणि वधू त्याला पती म्हणून. एकाने जास्त व दुसऱ्याने कमी असे त्यात काही नाही.

याच्याही पुष्कळ आधी जोतीराव फुले यांनी, ज्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापून पुरोहितावाचून लग्ने लावण्याची रीत घातली. त्यांच्या विधीत निर्मिकाचे स्मरण आहे. तो निरीश्वर नव्हे. पण त्यांच्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांचे हक्क मागते, आणि वर ते सर्वांदेखत मान्य करतो. पुढे १९४२ नंतर प्रतिसरकारच्या काळी सातारा-सांगलीच्या खेड्यांत अल्पखर्चाची ‘गांधी लग्ने’ लागली. मात्र खर्च उतरला म्हणून सुनेच्या डोक्यावरचे ओझे आपोआप उतरत नाही.

आता आपल्याकडे पाहू. १६६२ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात आज्ञा पाळण्याचे वचन एकटी वधू देते. आधार म्हणून इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय दाखवितात. पण बाविसाव्या ओवीच्या आधी एकविसावी आहे. तीत प्रेषित सर्वांस परस्परांच्या अधीन होण्यास सांगतो. पतीला तेथे मस्तक म्हटले आहे, हे खरे. परंतु ज्या मस्तकाचा दाखला दिला आहे, त्याने शिष्यांचे पाय धुतले व मंडळीसाठी प्राण दिला.

म्हणून देवाचे नाव न घेता दिलेले वचन फोल आहे, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र जे देवाला साक्षी ठेवितात, त्यांची जबाबदारी अधिक. घरची स्त्री सर्वांमागून उरलेले जेवते काय? तिच्या मजुरीचा पैसा कोणाच्या हाती राहतो? मुलीचे स्थळ ठरविताना तिचे मत घेतात काय? पाळकांनी व वडीलजनांनी लग्नापूर्वी हे प्रश्न उभयतांस विचारावेत, आणि पहिले उत्तर वराकडून घ्यावे.