विसाव्याची मजुरी

राष्ट्रीय महामार्ग ४४ वर निर्मल मागे टाकून आदिलाबादकडे निघाले की वाटेत नेरडीगोंडा लागते. कुंटाला धबधबा याच मंडलातला, त्यामुळे पावसाळ्यात इथे पर्यटकांच्या गाड्यांची रीघ असते. पावसाळा सरला की गावाची सगळी धावपळ शेताकडे वळते. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जितके हात लवकर शेतात पोचतील तितका त्या दिवसाचा पैसा जास्त. अशा दिवसांत ज्या घरात आठ-दहा वर्षांचे, मान न धरणारे, न बोलणारे, अधूनमधून झटके येणारे मूल आहे, त्या घराने काय करायचे?

मार्ग तीनच. आईने रोज बुडवायचा, नाहीतर थोरल्या मुलीला शाळेतून घरी बसवायचे, नाहीतर डोळ्यांना कमी दिसणाऱ्या आजीच्या भरवशावर मूल सोडून जायचे. हे तिन्ही आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की त्यात कोणाचे काही हिरावले जाते आहे, असे आपल्याला वाटतच नाही. ‘घरात माणसे असतात, सांभाळतात’ असे आपण म्हणतो. सुगीत ही माणसे शेतात असतात. उरते ती बारा वर्षांची बहीण. कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गाताना त्या बहिणीची बुडालेली शाळा कोणी हिशेबात धरत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

माझे म्हणणे सरळ आहे. अशा आईला काही तासांचा विसावा मिळणे ही दयेची बाब नाही. विसावा देणे हे काम आहे, त्याला मजुरी हवी, आणि ते काम मुलाच्या घरी येऊन व्हायला हवे.

हे म्हणणे जगावेगळे नाही. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ साली मान्य केला. गरिबीत राहणाऱ्या अपंग व्यक्तींना आणि त्यांच्या कुटुंबांना खर्चासाठी मदत, प्रशिक्षण, समुपदेशन आणि असा विसावा शासनाकडून मिळावा, असे त्याच्या २८व्या कलमात म्हटले आहे. इंग्लंडमध्ये २०११ च्या नियमांनी हे काम स्थानिक प्रशासनावर सोपवले आणि त्यात घरी येऊन मूल सांभाळणेही धरले. आपल्याकडे १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाने ‘समर्थ’ योजना आणली. कल्पना चांगली, पण ती निवासी केंद्राची. नेरडीगोंड्याजवळच्या एखाद्या तांड्यावरून किंवा गोंडगुड्यावरून मुलाला उचलून शहरातल्या केंद्रात पोचवायचे आणि परत आणायचे, तर त्या खेपांतच आईचे रोज बुडतात. शिवाय ज्या मुलाला एकाच हातून घास घ्यायची सवय आहे, ज्याच्या कानावर जन्मापासून गोंडी, लमाणी किंवा मराठी पडली आहे, ते तेलुगू बोलणाऱ्या अनोळखी माणसांत गेले की खाणेच सोडते. त्या विसाव्यात आईचा जीव दुप्पट टांगणीला लागतो.

पैसा इमारतीला मिळतो, घराला मिळत नाही, हे दुखणे फक्त आपले नाही. अमेरिकेत केटी बेकेट नावाची लहान मुलगी मेंदूच्या आजारानंतर श्वसनयंत्रावर होती. घरी सांभाळणे स्वस्त असूनही सरकारी विमा फक्त रुग्णालयाचाच खर्च उचलायचा, म्हणून ती रुग्णालयात अडकून पडली. १९८१ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी हा विषय जाहीरपणे मांडला, आणि पुढच्याच वर्षी कायदा बदलला.

आता कामाकडे जवळून पाहू, कारण ‘मूल सांभाळायला काय लागते’ असे म्हणणारे पुष्कळ. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला आडवे ठेवून भरवले तर घास श्वासनलिकेत जातो. त्याला पाठीला आधार देऊन ताठ बसवायचे, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, मऊ पेज किंवा कालवलेला वरणभात. पहिला घास गिळला हे पाहिल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. एका जेवणाला पाऊण तास सहज जातो. जे मूल स्वतः हलू शकत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर जखमा होतात. झटका आला तर कुशीवर वळवायचे, घड्याळ पाहायचे, तोंडात चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. पाच मिनिटांत थांबला नाही तर थेट दवाखाना. हे सगळे आई दिवसातून अनेकदा करते, आणि रात्री झटक्याच्या धास्तीने अर्धी जागी असते. तिला चार तास झोप मिळाली, तर तेवढेही पुष्कळ आहे.

हे कसब गावातल्या बाईला शिकवता येते. तेलंगणात ‘समग्र शिक्षा’ योजनेची ‘भविता’ केंद्रे मंडल पातळीवर आहेत, आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांच्या घरी जाऊन शिकवणेही त्यांच्याच कामात येते. म्हणजे कोणत्या घरात कोणते मूल आहे हे ठाऊक असलेला माणूस यंत्रणेत आहे. अंगणवाडी आहे, आशा आहे, महिला बचत गट आहेत. राष्ट्रीय न्यासाने ‘सहयोगी’ नावाने घरी सांभाळणारे तयार करण्याची योजनाही काढली. पण शिकलेल्या बाईला महिनाअखेर पैसे कोण देणार, हे ठरत नाही तोवर ती शिकून शहराकडेच जाणार.

तेलंगणात दिव्यांगांची पेन्शन २०२३ मध्ये महिना ४,०१६ रुपये झाली. ती हवीच. औषध, डायपर, दवाखान्याचे भाडे यांतच ती संपते. तिने आईचे तास परत येत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या व्याख्येत काळजीवाहक म्हणून आई-बापही येतात, आणि २४व्या कलमात जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. मात्र तिथेच राज्याच्या ‘आर्थिक क्षमते’ची अट जोडलेली आहे. केरळने अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांना ‘आश्वासकिरणम’ योजनेतून महिना ६०० रुपये देऊ केले. रक्कम तुटपुंजी, पण घरातली काळजी हे काम आहे, हे तिथे सरकारने कबूल केले.

मजुरीच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच कायद्यात होते. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने सांगितले होते की कामावर आलेल्या बायकांबरोबर पाच किंवा अधिक लहान मुले असतील, तर त्यांच्यातल्याच एका बाईला ती सांभाळायला बसवायचे आणि तिला मजुरी द्यायची. मूल सांभाळणे हा रोज आहे, हे तत्त्व सरकारने तेव्हाच मान्य केले. ते कामाच्या जागेवरून घराच्या ओसरीवर आणायचे, एवढेच उरते.

एक भीती मात्र खरी आहे. न बोलणाऱ्या मुलावर कोणी हात उगारला, त्याहून वाईट काही केले, तर ते सांगणार कसे? म्हणून बाई आईनेच निवडलेली असावी, त्याच वस्तीतली, त्याच भाषेची. सुरुवातीचे काही दिवस दोघींनी मिळून सांभाळावे. नंतरही भविताच्या शिक्षिकेने किंवा आशाने न सांगता डोकावावे. दर महिन्याला बाई बदलणारी योजना असेल तर ती नसलेली बरी.

सीमेपलीकडे किनवट, माहूर, केळापूरलाही हाच कापूस आणि हीच पंचाईत आहे. १९५६ पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होते. त्यामुळे ही मागणी तेलंगणाकडे जेवढी, तेवढीच महाराष्ट्राकडे. आदिलाबाद आणि नांदेडच्या जिल्हा प्रशासनांनी येत्या वेचणीच्या हंगामात एकेक मंडल, एकेक तालुका निवडावा, भविता आणि अंगणवाडीकडून अशा मुलांची यादी घ्यावी, आणि प्रत्येक घराला आठवड्यातून निदान दोन दिवस सांभाळणारी बाई मजुरीवर द्यावी. सुरुवात त्या घरांपासून करावी, जिथे थोरली बहीण शाळेच्या पटावर आहे आणि वर्गात नाही.