दैव हे पाचवे कारण



उद्या काय होईल हे विचारावेसे वाटणे हा काही अपराध नाही. ज्याला संसार आहे त्याला उद्याची काळजी आहे. पूर्वी ही काळजी घेऊन माणूस जोशीबुवांकडे जाई, दारी आलेल्या पिंगळ्याला थांबवी, जत्रेत पोपटाच्या पिंजऱ्यापुढे बसे. आता आमच्या नवी मुंबईत, वाशी-नेरूळ-खारघरच्या सोसायट्यांतून, माणसे टॅरो कार्ड पाहणाऱ्यांकडे जातात. सिडकोच्या सोडतीत घर लागेल का, मुलाला व्हिसा मिळेल का, जमलेले लग्न टिकेल का, असे प्रश्न घेऊन जातात. गळ्यात तुळशीची माळ असलेलेही जातात. वारकऱ्याने याविषयी काय समजावे, असे पुष्कळ जण मला विचारतात. 'थोतांड आहे' एवढे म्हणून सुटका होत नाही. पान खोटे असेल, विचारणाऱ्याची काळजी खरी असते.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. टॅरो म्हणजे 78 पत्त्यांचा जोड. त्यात 22 पाने थोरली, चित्रांची. उरलेली 56 पाने कांड्या, पेले, तलवारी आणि नाणी अशा चार रंगांची. पंधराव्या शतकात इटलीत हे पत्ते निघाले ते खेळण्यासाठी. भविष्य सांगण्याचा थाट अठराव्या शतकात फ्रान्समध्ये आला. 1781 मध्ये कूर दे जेबलॅं नावाच्या विद्वानाने लिहिले की ही पाने म्हणजे प्राचीन मिसर देशाचे गुप्त ज्ञान आहे. गंमत अशी की मिसरची चित्रलिपी त्या वेळी कोणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली 1822 मध्ये. आज सर्वत्र दिसणारी चित्रे 1909 मध्ये लंडनला छापली गेली आणि ती पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली.

आपल्याकडेही चित्रांची पाने आहेत. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पाहा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची 12 पाने, एकूण 120. त्यावर साक्षात भगवंताची चित्रे आहेत, तरी गंजिफा हा खेळच. पानावर देव काढला म्हणून पान त्रिकालज्ञ होत नाही, एवढे त्यावरून समजावे.

मग पान बोलते कसे? थोरल्या पानांत एक बुरूज आहे. त्यावर वीज पडली आहे आणि माणसे खाली कोसळत आहेत. धंदा बुडत असलेल्याला त्यात आपले दुकान दिसते, घरात भांडण असलेल्याला आपले घर दिसते. चित्र तेच, अर्थ पाहणाऱ्याच्या मनातून उठतो. याचे आम्हा कीर्तनकारांना नवल वाटू नये. समोर पाचशे श्रोते बसलेले असतात, निरूपणाला एक अभंग घेतलेला असतो, आणि कीर्तन संपल्यावर चार जण वेगवेगळे येऊन म्हणतात, "महाराज, आज माझ्यासाठीच बोललात." महाराजांना त्या चौघांच्या घरचे काहीच ठाऊक नसते. म्हणून पाने पाहणाऱ्याला मी हसत नाही. तोही अर्थ सांगतो, आम्हीही अर्थ सांगतो. प्रश्न एवढाच, की सांगितलेल्या अर्थाने ऐकणाऱ्याचे काय होते?

आमच्या भागातल्या एका भजनी मंडळातल्या बाईंची गोष्ट सांगतो. त्यांच्या हाताला छातीत गाठ लागली. भीतीने त्यांनी घरात कोणाला सांगितले नाही, पण पाने पाहणाऱ्या एका बाईकडे गेल्या. तीन पाने काढली, शेवटचे आले सूर्याचे. "सगळे शुभ आहे," असे उत्तर मिळाले. त्या उत्तरावर त्यांनी चार महिने काढले. मग एका एकादशीला मंदिरात भजन आटोपल्यावर मला म्हणाल्या, "महाराज, पान चांगले आले होते, मग गाठ वाढते कशी? तुम्ही तरी सांगा, काय होईल?"

मी म्हणालो, "माउली, काय होईल ते मला कळत नाही. काय करायचे ते कळते. मुलीला आत्ता फोन लावा, उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा."

उपचार लांबले. आज त्या पुन्हा टाळ घेऊन उभ्या राहतात ही पांडुरंगाची कृपा. पण चार महिने आधी आल्या असत्या तर पुष्कळ सोपे गेले असते, असे डॉक्टर म्हणाले. पाने पाहणाऱ्या बाईच्या मनात पाप होते असे मला वाटत नाही. समोरची घाबरलेली दिसली, तिने धीर दिला. पण त्या धीराने वेळ खाल्ला.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत आणि ज्ञानोबारायांनी ती एकेक करून उलगडली आहेत. अधिष्ठान म्हणजे शरीर, मग कर्ता, मग करण म्हणजे इंद्रिये, मग नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाल, आणि पाचवे दैव. हा विचार आला आहे तो 'मीच करणारा' हा अहंकार उतरवण्यासाठी. पण त्यातून आणखी एक गोष्ट निघते. गीता दैव नाकारत नाही. त्याला पाचांत एक जागा देते. त्या बाईंचे शरीर, त्या स्वतः, त्यांचे हातपाय आणि दवाखान्यापर्यंतची चाल, ही चारही कारणे चार महिने बसून राहिली आणि विचारपूस चालली ती एकट्या पाचव्याची.

कोणी म्हणेल, महाराज, पत्रिका आणि मुहूर्त तर आपणही पाहतो, मग पानांनीच काय केले? खरे आहे. कसोटी सर्वांना एकच लावावी: पाने पाहणाऱ्याला, जोशीबुवांना, अंगारा देणाऱ्या बुवाला आणि कीर्तनकारालाही. त्याच्याकडून उठताना तुम्ही आपल्या कर्तव्याकडे वळलात, की पुढच्या मंगळवारी पुन्हा त्याच्याच दाराकडे? ज्याने भीती वाढवून फेऱ्या लावल्या तो दूर ठेवावा. ज्याने गोड बोलून हातपाय बांधले तोही दूर ठेवावा. नारदाच्या गादीवर उभा राहून जो 'गुरुवारी तुमचा दावा निकालात निघेल' असे सांगतो, तो त्या गादीवरून उतरला असे खुशाल समजावे. नाथमहाराजांनी भारुडात जोशी उभा केला, पण त्याच्या तोंडून सांगितला तो विवेक.

आणखी एक विनंती. माणसे पानांकडे जातात त्याचे एक कारण असे, की तिथे तासभर कोणीतरी त्यांचे ऐकून घेते. बंद दारांच्या शहरात हे थोडे नाही. आपल्या मंडळात, आपल्या दिंडीत तेवढे ऐकणारा कान असावा. भजन सुटल्यावर शेजारच्या माउलीला "चेहरा उतरलाय, काय झाले?" एवढे विचारावे. उत्तर देता आले नाही तरी बिघडत नाही.

आषाढीची तिथी ठरलेली असते, दिवे घाटातला पाऊस कोणाच्याच हातात नसतो. वारकरी पाऊस लागेल का म्हणून पान काढीत बसत नाही. पडशीत प्लास्टिकचा कागद ठेवतो, माउलींचे नाव घेतो आणि चालू लागतो.

राम कृष्ण हरी.